स्टेलारिस की डिस्टंट वर्ल्ड्स २ : अंतराळ साम्राज्याचा खेळ निवडण्यापूर्वी

अंतराळात साम्राज्य उभारण्याचा एखादा सखोल खेळ घ्यावा असे मनात आले, की आज दोन नावे हमखास समोर येतात. पहिले नाव स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने ९ मे २०१६ रोजी आणलेल्या ‘स्टेलारिस’चे, आणि दुसरे न्यूझीलंडमधील कोडफोर्स या लहानशा चमूने १० मार्च २०२२ रोजी आणलेल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’चे. दुकानातील वर्णने वाचली तर दोन्ही खेळ जुळे भाऊ वाटतात. दोन्हींत एका ग्रहापासून सुरुवात होते, शेजारचे तारे धुंडाळायचे असतात, वसाहती वसवायच्या असतात, परग्रहवासीयांशी तह किंवा युद्ध करायचे असते. दोन्हींत काळ सलग पुढे सरकतो आणि हवा तेव्हा थांबवता येतो. १९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’विषयी लिहिताना अॅलन एमरिक यांनी या जातीच्या खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव दिले. शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि शत्रूचा नायनाट ही त्यातील चारही अंगे दोन्ही खेळांत आहेत.

तरीही दोन्ही खेळांत शेकडो तास घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की एक आवडणाऱ्याला दुसरा आवडेलच याची खात्री देता येत नाही. गुंतागुंत दोन्हींत भरपूर आहे. ती कोणाच्या अंगावर पडते, यात खरा फरक आहे. स्टेलारिसमध्ये राज्याचा गाडा तुम्हालाच ओढावा लागतो, आणि त्या कष्टांच्या बदल्यात तुमच्या राज्याची अशी एक कहाणी घडते जी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली नसते. डिस्टंट वर्ल्ड्समध्ये गाडा आधीपासून चालू असतो आणि त्याचे कोणते चाक आपल्या हाती घ्यायचे, एवढेच तुम्हाला ठरवायचे असते.

स्टेलारिसचे बळ पहिल्याच पडद्यावर दिसते. डाव सुरू होण्यापूर्वी तुम्ही तुमचा समाज घडवता. युद्धखोर की शांततावादी, परक्यांचा स्नेही की द्वेष्टा, समतावादी की हुकूमशाही मानणारा, जडवादी की अध्यात्मवादी, अशा चार जोड्यांतून तीन गुणांच्या मर्यादेत मूल्ये निवडायची असतात, आणि एखादे मूल्य कट्टरपणे घेतले तर त्याचे दोन गुण खर्च होतात. हे केवळ शोभेचे लेबल राहत नाही. कोणते कायदे करता येतील, गुलामगिरी चालेल की नाही, युद्ध कोणत्या कारणाने पुकारता येईल, हे सगळे त्यावरून ठरते. यंत्रमानवांचे राज्य किंवा एकाच सामायिक मनाने चालणारा कीटकसमाज घेतला, तर अर्थकारणाचे नियमही निराळे होतात. त्यामुळे दहावा डावसुद्धा पहिल्यासारखा वाटत नाही, आणि नऊ वर्षांहून अधिक काळ लोक हा खेळ खेळत राहिले आहेत त्याचे मोठे श्रेय मी यालाच देतो.

दुसरे बळ म्हणजे त्यातील कथानके. इसवी सन २२०० मध्ये डाव सुरू होतो आणि पहिली काही दशके तुमची संशोधन-जहाजे एकेका ताऱ्याची पाहणी करत फिरतात. कधी एखादे जहाज कृष्णविवराजवळ पोहोचते आणि तिथून एक संकेत येत असल्याचे कळते. तो ऐकायचा की दुर्लक्षित करायचा, असे विचारले जाते. ऐकला, तर वर्षानुवर्षांच्या अंतराने पुढचे प्रसंग येत राहतात, शास्त्रज्ञ बदलू लागतात, आणि ती वाट शेवटपर्यंत चाललात तर तुमचा स्वतःचा सूर्यच कृष्णविवर होऊन जातो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पुढचा महिना सरकवण्याआधी मी बराच वेळ नुसता त्या काळ्या वर्तुळाकडे पाहत बसलो होतो. लेखनाचा हा दर्जा डिस्टंट वर्ल्ड्स २ मध्ये नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

मात्र कहाणीचा रंग मधल्या शतकात फिका पडतो. सगळे जवळचे तारे पाहून झालेले असतात, सीमा शेजाऱ्यांना भिडलेल्या असतात, आणि नेहमीच्या मांडणीत आकाशगंगेवर येणारे महासंकट साधारण २४०० नंतरच उगवते. मधल्या काळात हाती उरते ते ग्रहांचे व्यवस्थापन. खनिजांपासून मिश्रधातू बनवायचे आणि मिश्रधातूंपासून जहाजे. खनिजांपासूनच उपभोग्य वस्तू बनवायच्या आणि त्या संशोधकांना पुरवायच्या. ही साखळी सुरेख रचलेली आहे, पण तीस ग्रहांवर प्रत्येकी कोणती इमारत उभारायची हे ठरवत बसणे मला तरी कंटाळवाणे होते. ग्रहांचा कारभार आपोआप चालवण्याची सोय आहे, परंतु तिच्यावर निर्धास्तपणे विसंबावे असे मला कधी वाटले नाही. शिवाय आकाशगंगेतील लोकसंख्या वाढत जाते तसा खेळ मंदावतो. ही तक्रार जुनी आहे आणि निर्मात्यांनी तिच्यावर अनेकदा इलाज केले आहेत, तरी एक हजार ताऱ्यांचा नकाशा निवडला तर मध्यम ताकदीच्या लॅपटॉपवर शेवटचे शतक रेंगाळतच जाते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण जुने परीक्षण वाचून निर्णय घेणाऱ्यांची तिथेच फसगत होते. २०१६ चा स्टेलारिस आणि आजचा स्टेलारिस हे जवळपास वेगळे खेळ आहेत. फेब्रुवारी २०१८ मधील २.० आवृत्तीने ताऱ्यांदरम्यान प्रवास करण्याच्या तीन पद्धतींतून सुरुवातीला एक निवडण्याची मुभा काढून सर्वांना ठरलेल्या मार्गांवर आणले. त्यामुळे नकाशावर खिंडी निर्माण झाल्या आणि तिथे तळ बांधून सीमा राखण्याला अर्थ आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये २.२ ने ग्रहांवरील चौकटींची रचना मोडीत काढून विभाग आणि नोकऱ्या आणल्या. मे २०२५ मधील ४.० ने लोकसंख्येची मांडणी पुन्हा बदलली, आणि त्यानंतर दुरुस्त्यांची रांगच लागली. खेळ जिवंत राहतो हा याचा फायदा. शिकलेले पुन्हा विसरावे लागते हा तोटा. दोन वर्षांनी परतलेल्या खेळाडूला नवख्यासारखीच सुरुवात करावी लागते.

खर्चाचाही विचार करावा. मूळ खेळावर इतके सशुल्क विस्तार चढले आहेत की सगळे एकदम विकत घेण्याची कल्पनाच करू नये. मूळ खेळ आणि २०१७ चा ‘युटोपिया’ एवढ्यावर पहिले कित्येक महिने निघतात, असा माझा अनुभव आहे. बाकीचे सवलतीच्या काळात एकेक घ्यावेत, किंवा विस्तारांसाठी असलेली महिन्याची वर्गणी एखाद्या सुट्टीपुरती भरून पाहावी.

आता डिस्टंट वर्ल्ड्स २ कडे वळू. दोन खेळांतील सर्वांत खोल फरक समजून घ्यायचा असेल तर एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी: दूरच्या ताऱ्यापाशी खणलेले खनिज राजधानीत कसे पोहोचते? स्टेलारिसमध्ये महिना संपला की ते आपोआप तिजोरीत जमा होते. ४.० पासून तूट असलेल्या ग्रहांना पुरवठा करण्यासाठी ‘व्यापार’ खर्च होतो, पण तोही तिजोरीतील एक आकडाच आहे. डिस्टंट वर्ल्ड्समध्ये ते खनिज कोणीतरी जहाजात भरून, वाटेतल्या चाच्यांना चुकवून, तुमच्या बंदरात आणून उतरवावे लागते. हे काम तुमची सरकारी जहाजे करत नाहीत. साम्राज्यातील खासगी मंडळी स्वतःची मालवाहू आणि प्रवासी जहाजे तुमच्याच गोदीतून विकत घेतात, स्वतःच्या हिशेबाने फेऱ्या मारतात, आणि तुम्ही राजा म्हणून करावर व त्या जहाजांच्या विक्रीवर जगता. नकाशा जवळ आणून पाहिला, तर एका बंदराभोवती डझनावारी लहान जहाजे ये-जा करताना दिसतात, आणि त्यांतल्या एकालाही तुम्ही आज्ञा दिलेली नसते. असे जिवंत अर्थकारण मी दुसऱ्या कोणत्याही अंतराळ खेळात पाहिलेले नाही.

याचे परिणाम युद्धात भोगावे लागतात. माझ्या तिसऱ्या डावात मी बारा जहाजांचा ताफा शत्रूच्या वसाहतीवर पाठवला आणि तो अर्ध्या वाटेत टाक्या कोरड्या पडून अडकून बसला. शस्त्रे उत्तम होती, सैन्य पुरेसे होते. शोध घेतल्यावर उलगडा झाला, की आघाडीजवळच्या ज्या एकमेव बंदरावर मी सर्व ताफ्यांना इंधन भरायला सांगितले होते, त्याच बंदरातून खासगी मालवाहू जहाजेही कॅस्लन भरत होती, आणि साठा संपला होता. कॅस्लन हे या खेळातील मुख्य इंधनांपैकी एक. पुढच्या वेळी मी आधी वाटेतल्या वायुमय महाकाय ग्रहावर खाणतळ बांधला, त्याच्या रक्षणाला दोन जहाजे ठेवली आणि मगच युद्ध पुकारले. त्या डावात युद्धाच्या तयारीला युद्धापेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्या तयारीचाच आनंद मला अधिक वाटला. ज्यांना रसद, अंतर आणि पुरवठा या गोष्टींत गोडी आहे, त्यांना स्टेलारिसमधील ताफ्यांची हालचाल यानंतर फार सोपी वाटेल.

एवढा पसारा एका माणसाने कसा सांभाळायचा, याचे उत्तर म्हणजे खेळातील स्वयंचलन. संशोधन, वसाहती, जहाजांचे आराखडे, कर, मुत्सद्देगिरी, ताफे असे प्रत्येक खाते तीन प्रकारे चालवता येते: पूर्णपणे स्वतः, सल्लागाराच्या सूचनेला मंजुरी देऊन, किंवा पूर्णपणे संगणकावर सोपवून. फक्त एका ताफ्याचे सेनापती व्हायचे आणि बाकी राज्य वाऱ्यावर न सोडता सल्लागारांवर सोपवायचे, असाही डाव खेळता येतो. नवख्या खेळाडूची मात्र यातच गल्लत होते. सगळे आपोआप चाललेले पाहून आपण काय करायचे आहे हेच कळत नाही, आणि सल्लागारांच्या सूचनांचा मारा सुरू झाला की प्रत्येक निर्णयामागचे कारण समजेनासे होते. खेळ तुम्हाला शिकवतो कमी; तुम्हालाच त्याच्याकडून काढून घ्यावे लागते.

उणिवा आणखीही आहेत. प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांच्या संगणकांवर तो अधूनमधून बंद पडत असे. पुढच्या दुरुस्त्यांनी परिस्थिती पुष्कळ सुधारली, पण पहिल्या महिन्यांतील कटू अभिप्राय अजून वाचायला मिळतात. पडद्यावरची मांडणी दाटीवाटीची आहे आणि हवी ती माहिती तीन याद्यांच्या आत दडलेली असते. वंश मुळात सात होते आणि विस्तारांनी त्यांत भर घातली; त्यांचे स्वभाव आणि कारभाराचे प्रकार वेगळे असले, तरी स्टेलारिसमध्ये यंत्रमानव आणि माणूस यांच्या डावांत जेवढे अंतर पडते तेवढे येथे पडत नाही. दोन हजार ताऱ्यांपर्यंतचा नकाशा ऐकायला भव्य वाटतो. माझ्या मते सातशेच्या पुढे त्यातून फारसे काही मिळत नाही. खेळ फक्त विंडोजवर चालतो आणि त्यात मल्टिप्लेअर नाही. मित्रांबरोबर खेळायचे असेल तर इथेच निर्णय झाला, कारण स्टेलारिसमध्ये अनेक जण एकाच आकाशगंगेत उतरू शकतात आणि तो मॅक, लिनक्स व कन्सोलवरही मिळतो.

लढायांच्या बाबतीत दोघांतही फार अपेक्षा ठेवू नये. दोन्हींत जहाजांचा आराखडा आणि ताफ्याची रचना हेच तुमचे खरे डावपेच. गोळाबारी सुरू झाली की स्टेलारिसमध्ये बहुतेक वेळ पाहतच बसावे लागते. डिस्टंट वर्ल्ड्समध्ये एकेका जहाजाला आज्ञा देता येते, पण घाईत ते जमत नाही.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांसाठी महत्त्वाचा आहे. दोन्हींत मराठी नाही आणि हिंदीही नाही. स्टेलारिसचा अर्धा आनंद वाचनात असल्यामुळे इंग्रजी सहज वाचता येत नसेल तर त्याची गोडी बरीच उणावते. डिस्टंट वर्ल्ड्समध्ये वाचावे लागते ते बहुतांशी आकडे, नावे आणि सूचना. घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी खेळणार असेल तर हा फरक लक्षात घ्यावा.

काळ सलग सरकण्याचा ताणच ज्यांना नको असेल, त्यांनी पॅरिसच्या अॅम्प्लिट्यूड स्टुडिओचा २०१७ चा ‘एंडलेस स्पेस २’ पाहावा. तो पाळीपाळीने चालतो, देखणा आहे, त्यातील वंश एकमेकांपासून खरोखर वेगळे खेळतात, आणि एका रविवारी दुपारी त्याचे नियम समजतात. खोली मात्र या दोघांइतकी नाही.

एकच घ्यायचा असेल आणि या जातीचा हा पहिलाच खेळ असेल, तर मी स्टेलारिस सुचवेन. चारशे ताऱ्यांचा नकाशा निवडावा, प्रतिस्पर्धी साम्राज्ये कमी ठेवावीत, आणि आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यावर परतू न देणारा आयर्नमॅन प्रकार पहिल्या डावात बंद ठेवावा, म्हणजे चूक झाली तर मागे जाता येते. स्टेलारिस किंवा तत्सम खेळ आधी खेळून झाले असतील, आणि मधल्या शतकातील ग्रहांच्या कामाने जीव कंटाळला असेल, तर डिस्टंट वर्ल्ड्स २ घ्यावा. माझा स्वतःचा कल आज याच खेळाकडे आहे. त्यात संशोधन आणि एक ताफा एवढेच सुरुवातीला स्वतःकडे ठेवावे, बाकी खाती सल्लागारांना द्यावीत आणि दर दोन-तीन बैठकांनंतर एकेक खाते परत घ्यावे. बंदरातील कॅस्लनचा साठा मात्र पहिल्या बैठकीपासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत जावा.