डंकावरची चटणी: चार स्टार

यंदा आईचे गुडघे धरलेत, म्हणून मंगळवार पेठेतल्या डंकावर, म्हणजे मिरची कुटून देणाऱ्या गिरणीत, पहिल्यांदाच एकटी गेले. तिनं बजावलं होतं, "ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दोन्ही कडकडीत वाळवून ने. आणि कुटताना समोरनं हलू नको." हलले नाही. 3 किलो मिरच्यांना दीड तास, शिंका वेगळ्याच! डंकावरच्या मावशींनी दोनदा चाळलं, लसूण-खोबरं शेवटी घातलं, डबाही पुसून दिला. बसायला मात्र एकच स्टूल, आणि पैसे रोखच.

घरी आईनं चिमूटभर जिभेवर ठेवली. "मीठ कमी पडलंय गं, वर्षभर टिकायची नाही." मग खडामीठ मिसळलं, बरणीत हिंगाचे खडे टाकले, आणि माझ्या पुण्याच्या पिशवीत न विचारता अर्धा किलो भरून ठेवली.