‘द रॉकिंग-हॉर्स विनर’ : १४९ रुपयांचे ऑडिओबुक आणि घराची कुजबुज

इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्स यांची ‘द रॉकिंग-हॉर्स विनर’ ही १९२६ सालची कथा मी कॉलेजात अभ्यासक्रमापुरती वाचली होती आणि परीक्षेत तिच्यावर ‘लोभाचे दुष्परिणाम’ या थाटाचे उत्तर लिहून मोकळा झालो होतो. गेल्या महिन्यात तिचे इंग्रजी ऑडिओबुक १४९ रुपयांना घेतले आणि दोनदा पूर्ण ऐकले, तेव्हा कुठे लक्षात आले की या कथेतील महत्त्वाचे जवळजवळ सगळे काही कुणाच्या तरी कानावर पडत असते. म्हणून या ऑडिओबुकाला एकच कसोटी लावावीशी वाटते : जे ऐकू यायला हवे ते नीट ऐकू येते का, आणि जे अर्धवटच ऐकू यायला हवे ते अर्धवट राहते का?

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील एक कुटुंब ऋण काढून सण साजरा करावा तसे जगत आहे : बंगला, बाग, नोकरचाकर सारे आहे, फक्त ते निभावण्याइतके पैसे नाहीत. ‘आणखी पैसे हवेत’ हे वाक्य त्या घरात कुणीही उच्चारत नाही, तरीही ते मुलांना सतत ऐकू येते. अगदी खेळण्यांच्या खोलीतल्या बाहुलीलाही ते ऐकू येत असावे, असे लेखक सुचवतो. पॉल हा मुलगा आपल्या लाकडी घोड्यावर बेभान डुलता डुलता पुढच्या शर्यतीत कोणता घोडा जिंकणार हे ‘जाणून’ घेऊ लागतो आणि बॅसेट हा माळी व ऑस्कर मामा यांच्या भागीदारीत पैसे लावू लागतो.

आता वाचनाकडे वळतो. निवेदक उतारवयातील ब्रिटिश गृहस्थ असावेत. त्यांचा आवाज कोरडा आहे आणि या कथेला तो शोभतो. सुरुवातीचा माय-लेकाचा संवाद त्यांनी सुरेख वाचला आहे. आपल्याकडे स्वतःची मोटार का नाही, या मुलाच्या साध्या प्रश्नातून आई नशिबावर येते : वडिलांना नशीब नाही, आणि त्यांच्याशी लग्न केल्यामुळे मलाही नाही. (आपल्याकडे हा दोष उलट दिशेने जातो आणि सुनेलाच पांढऱ्या पायाची ठरवतात.) मामांच्या तोंडी असलेल्या ‘फिल्दी लूकर’ (पापाचा पैसा) या शब्दांतील ‘लूकर’ मुलाने ‘लकर’ असे, म्हणजे ‘लक’ किंवा नशीब या शब्दासारखे ऐकले आहे, म्हणून नशीब आणि पैसा त्याच्या डोक्यात एकच होऊन बसतात. छापील पानावर स्पेलिंग डोळ्यांसमोर असल्याने ही गंमत आपण समजून घेतो आणि पुढे जातो. इथे मात्र ती चूक आपल्याही कानाची होते, आणि तेवढ्या एका क्षणासाठीसुद्धा १४९ रुपये वसूल झाले असे मी म्हणेन.

नेमक्या याच कानाशी निर्मात्यांनी पुढे खेळ केला आहे. घराची कुजबुज आली की पार्श्वभूमीला वाऱ्याचा घोंघाट, घुमणारा स्त्रीस्वर आणि व्हायोलिन सुरू होते. जे वाक्य कुणीच म्हणत नाही ते कुणाच्या तरी आवाजात म्हणवून घेतले की घर झपाटलेले वाटू लागते, आणि आपल्या ओळखीची, बेताच्या परिस्थितीतली, चारचौघांत तोरा सांभाळणारी घरे त्या कुजबुजीतून पार हद्दपार होतात. दुसरी तक्रार फायलीच्या तुकड्यांची. पॉल आईला पाच हजार पौंड देतो, दरवर्षी तिच्या वाढदिवसाला एक हजार याप्रमाणे. मामा ही व्यवस्था वकिलामार्फत, पॉलचे नाव कळू न देता करतात. आई नाश्त्याच्या टेबलावर ते पत्र वाचते, चेहरा गार करून इतर पत्रांखाली सरकवते आणि नंतर सगळी रक्कम एकदम मागते. पैसे येतात आणि घरातले आवाज गप्प होण्याऐवजी वसंतातल्या संध्याकाळी बेडकांनी एकदम ओरडायला लागावे तसे पिसाटतात. नेमके इथे ‘भाग दुसरा समाप्त’ अशी घोषणा घालणाऱ्याने कथा ऐकली असेल असे मला वाटत नाही.

आईच्या बाबतीत निवेदकाने सुरुवातीला थोडी घाई केली आहे. तिच्या मनाच्या गाभ्यात एक कठीण, प्रेम न करू शकणारी जागा आहे हे वाक्य ते निकाल दिल्यासारखे वाचतात. वास्तविक ती जागा आईला स्वतःला माहीत आहे, मुलांनाही माहीत आहे, आणि तरीही ती डर्बी या मोठ्या घोडेशर्यतीच्या दोन रात्री आधी भर पार्टीत जीव घाबरा होऊन घरी फोन करते. लॉरेन्स यांनी १९२१ आणि १९२२ साली मनोविश्लेषक फ्रॉइडशी वाद घालणारी दोन पुस्तके लिहिली होती, म्हणून या कथेवर ईडिपसची (आईच्या ओढीने वडिलांची जागा घेऊ पाहणाऱ्या मुलाची) चौकट बसवताना जरा जपून राहावे. पण मुलगा घरातल्या कर्त्या पुरुषाची रिकामी जागा भरायला निघाला आहे एवढे तर उघडच आहे. वडिलांना कथेत नावसुद्धा नाही. त्यांच्या वाट्याला व्हिस्की-सोडा बनवणे आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणणे जवळजवळ एवढेच येते. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या आणि आईच्या प्रेमात आकंठ बुडालेल्या लॉरेन्स यांना असे घर ठाऊक असणारच.

त्या रात्रीचे वाचन मात्र उत्तम आहे. आई एकच्या सुमारास परतते, जिना चढून मुलाच्या दाराशी थांबते, आणि आतून जड, लयबद्ध, पण मोठा नसलेला आवाज येत असतो. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे हे तिला कळते, कसला ते आठवत नाही. सुदैवाने इथे व्हायोलिन नाही. निवेदक प्रत्येक वाक्यानंतर जेमतेम श्वासभर थांबतात, मग दाराची मूठ फिरते, दिवा लागतो आणि हिरव्या पायजम्यातला मुलगा ‘मलबार’ असे ओरडतो. (दक्षिण मुंबईत वाढलेल्या माणसाला त्या क्षणीही मलबार हिल आणि खालचे महालक्ष्मीचे रेसकोर्स आठवते, त्याला इलाज नाही.) मलबारचा भाव एकाला चौदा असतो, तो घोडा जिंकतो, मुलाला सत्तर हजारांवर पौंड मिळतात (आधीचे धरून ऐंशी हजारांवर) आणि त्याच रात्री मुलगा जातो.

लॉरेन्स यांचे निधन १९३० साली झाले, त्यामुळे ही कथा भारतात केव्हाच स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहे आणि तिचा मजकूर फुकट मिळतो. आधी तो वाचावा आणि मग हे ऐकावे. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा व्हायोलिनने आणि एक त्या घोषणेने घालवला. अखेरीस बहिणीच्या खात्यात ऐंशी हजारांची जमा आणि मुलाची वजाबाकी मांडणारे ऑस्कर मामांचे वाक्य येते, आणि ते पूर्ण होताच दोन सेकंदांत पुन्हा संगीत सुरू होते. दुसऱ्यांदा ऐकताना मी त्याआधीच फाइल बंद केली.