मानेतील धमनी: शस्त्रक्रिया की स्टेंट, मन आणि वर्तनाच्या अंगाने

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमनीत साचलेला मेदाचा थर मानेला छेद देऊन काढता येतो, किंवा बहुधा जांघेतून नळी सरकवून तेथे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवता येतो. दोन्ही उपाय पक्षाघात टाळण्यासाठी आहेत. विसराळूपणा जाईल या आशेने त्यांपैकी कोणताही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नंतरच्या चाचण्यांत काहींची स्मृती सुधारलेली दिसते, काहींची घटलेली, आणि बहुतेकांची होती तशीच राहते.

स्टेंट बसवताना थराचे बारीक कण सुटून मेंदूत जाण्याचा धोका अधिक असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात एमआरआयवर नवे डाग स्टेंटच्या गटात निम्म्या रुग्णांत, तर शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे १७ टक्के रुग्णांत आढळले. यांतील बहुतेक डागांची रुग्णाला जाणीवही होत नाही, त्यामुळे केवळ या आकड्यावरून स्टेंट बुद्धीला घातक ठरवणे घाईचे होईल. त्याच वर्षीच्या क्रेस्ट या २,५०२ रुग्णांच्या चाचणीत उपचाराच्या आसपासच्या काळातील पक्षाघाताचे प्रमाण स्टेंटमध्ये ४.१ आणि शस्त्रक्रियेत २.३ टक्के होते. हृदयविकाराच्या झटक्याचे मात्र अनुक्रमे १.१ आणि २.३ टक्के. प्रत्यक्ष पक्षाघाताइतकी बुद्धीची आणि स्वभावाची हानी हृदयविकाराचा झटका सहसा करत नसल्याने, सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदय सुस्थितीत असलेल्या रुग्णासाठी मी शस्त्रक्रियेकडे झुकेन.

शस्त्रक्रियेचीही स्वतःची किंमत आहे. पूर्ण भुलीनंतर वयस्कर रुग्ण एकदोन दिवस असंबद्ध बोलू शकतो, रात्री अस्वस्थ होऊ शकतो. हे बहुधा ओसरते. पण उपचारानंतरच्या दिवसांत, मग तो कोणताही असो, तीव्र डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब आणि गोंधळलेपणा एकत्र दिसल्यास तो भुलीचा परिणाम समजून थांबू नये. अरुंद धमनी अचानक मोकळी झाल्याने मेंदूकडे रक्ताचा लोंढा वाढून असे घडू शकते, आणि ती तातडीची बाब असते.

लक्षणे नसलेल्यांसाठी केवळ औषधे हा तिसरा पर्यायही खुला असतो. निवड कोणतीही असो, स्मृती, लक्ष आणि मनःस्थितीची चाचणी उपचारापूर्वी करून घ्यावी. अन्यथा नंतर जाणवणारी उदासी किंवा चिडचिड नवी की जुनी, हे घरच्यांनाही निश्चित सांगता येत नाही.