आरओ वॉटर प्युरिफायर, वर्षभर वापरून: मशीनला साडेतीन स्टार, खरेदीला एक

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरा. मशीन (आरओ म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून त्यातले क्षार काढणारा फिल्टर) चांगलं आहे. गळत नाही, आवाज बेताचा, टाकी पटकन भरते, पाणी चवीला एकदम गुळमुळीत (सासूबाईंना आवडतं, मला नाही). पण पुण्यात तुमच्या नळाला महापालिकेचं धरणाचं पाणी येत असेल तर आरओ घेऊ नका, फुकट मिळाला तरी विचार करा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सोसायटीत चौकशी केली तर नावं वेगळी आणि कारभार थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच.

आम्ही राहतो सिंहगड रोडला. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याकडे जीबीएसची म्हणजे गुलेन बॅरी या नसांच्या आजाराची साथ आली ते आठवत असेल, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, रोज पेपरात तीच नावं, दूषित पाण्यातल्या जंतूंमुळे होतंय म्हणून कळलं आणि सगळ्यांची झोप उडाली. महापालिका सांगत होती पाणी उकळून प्या. उकळलं की काम झालं असतं, पण चार माणसांचं पाणी रोज उकळा, गार करा, भरा, आणि सिलेंडरकडे बघत बसा. त्याच दिवसांत कंपन्यांची पोरं बॅगा घेऊन सोसायटीच्या गेटवर. यातली गंमत म्हणजे महापालिकेने तेव्हा जे सील केले त्यात वीस लिटरचे जार भरून देणारे काही खासगी आरओ प्लांटसुद्धा होते! म्हणजे आरओ लिहिलं की पाणी शुद्ध असं काही नसतं. पण तेव्हा हे डोक्यात शिरायच्या मनःस्थितीत कोण होतं.

आता डेमो. हा भाग नीट वाचा, कारण विक्री याच्यावरच होते.

पोरगा आला, सासूबाईंना म्हणाला, आजी तुमच्या नळाचं पाणी एका ग्लासात द्या. दुसऱ्या ग्लासात त्याने त्याच्याकडचं आरओचं पाणी ओतलं. मग बॅगेतून एक चार दांड्यांचं यंत्र काढलं, दोन दांड्या या ग्लासात दोन त्या ग्लासात, प्लग लावला, आणि मिनिटभरात आमच्या नळाचं पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग वर फेस आणि खाली गाळ. आरओचं पाणी जसंच्या तसं. "आजी, हे रोज पिताय तुम्ही." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अहोंनी तिथेच फोन काढून ऑफर बघायला सुरुवात केली.

तो गाळ पाण्यातला नसतो हो. तो त्या दांडीचा असतो. दांडी लोखंडाची, पाण्यातून करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा चोथा होतो. करंट जायला पाण्यात क्षार लागतात, नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात जवळपास नसतात म्हणून तिथे काहीच होत नाही. बारावीच्या केमिस्ट्रीतलं इलेक्ट्रोलिसिस आहे हे, पाणी घाण असण्याशी काडीचा संबंध नाही.

पुढे शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या कंपनीचा डेमो होता तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसले. पोराने दांड्या बुडवल्या आणि मी त्याच्या "शुद्ध" ग्लासात मीठ टाकलं, चांगलं दोन चिमटी. तो ग्लास नळाच्या पाण्यापेक्षा जास्त काळा झाला. पोरगा म्हणाला, मॅडम तुम्ही टीचर आहात का? चिडला नाही बिचारा, त्याला बहुतेक माहीत होतं, त्यालाही टार्गेट असतं. काकूंनी त्याला चहा पाजून पाठवलं.

मुद्दा असा की आमची भीती होती जंतूंची. आरओ मशीन विकलं जातं टीडीएसवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम. त्यात जंतू मोजलेच जात नाहीत. ५० टीडीएसच्या पाण्यात कॉलरा असू शकतो आणि ६०० च्या पाण्यात एकही जंतू नसू शकतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. आमच्या नळाचं पाणी मी पेनासारख्या मीटरने मोजलं, तो मीटर ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो, रीडिंग आलं ७८. अठ्ठ्याहत्तर! एनजीटीने म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्येच सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा. आणि आमच्या किचनमध्ये ७८ चं पाणी गाळायला पंप धडधडतोय.

हे मोजणं घ्यायच्या आधी व्हायला हवं होतं हे खरंच, पण विकणाऱ्यानेही मोजलं होतं बरं का. मीटर त्याच्या खिशातच होता. आकडा मोठ्याने वाचला नाही एवढंच.

आणि याच्याही पुढचा विनोद ऐका. आरओ मधून पाणी बाहेर येतं तेव्हा टीडीएस दहाच्या आसपास, इतकं कमी बरं नाही म्हणून मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू असतो, तो काय करतो तर मेंब्रेनला म्हणजे आतल्या गाळणाऱ्या पडद्याला बायपास करून थोडं मूळ पाणी परत यात मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज, ते वेगळं विकत, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचे पैसे आणि परत घालायचे पैसे दोन्ही आपलेच. कॉपर, अल्कलाइन वगैरे शब्दांचे दोन-तीन हजार वेगळे लागतात, त्यात मी जात नाही.

वाया जाणारं पाणी. आमच्या मशीनचं मी बादली लावून बघितलं, एक लिटर प्यायचं पाणी काढताना साधारण तीन लिटर मागच्या पाइपने जातं, घरगुती मशीनचं हे नेहमीचंच प्रमाण आहे. आमच्याकडे पिण्या-स्वयंपाकाला रोज १२ लिटर लागतं, म्हणजे ३६ लिटर रोज, वर्षाला १३ हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वा टँकर. एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवते तेव्हा मेंटेनन्स वाढला म्हणून मीटिंगमध्ये आरडाओरडा करणारे आम्हीच. ते पाणी लादी पुसायला, गॅलरी धुवायला वापरते, पण रोज ३६ लिटरची लादी आहे कुणाकडे?

आता पैसे. खोक्यावर छापलेली किंमत २६ हजार, आम्हाला "साथीची स्पेशल ऑफर" म्हणून १८,५०० ला, वर तांब्याची बाटली फ्री. नो कॉस्ट ईएमआय घेतला त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागला, फार नाही, पण नो कॉस्ट म्हणायचं कशाला मग. वॉरंटी एक वर्ष, आणि बारीक अक्षरात असं की फिल्टर, कार्बन, मेंब्रेन हे वॉरंटीत येत नाहीत. म्हणजे मशीनमधलं जे खराब होतं ते सोडून बाकी सगळं वॉरंटीत.

वर्ष संपत आलं तसे फोन सुरू. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, ५,८०० ची. नको म्हणलं की ४,९००. बघू म्हणलं की सर बोलतील तुमच्याशी, आणि सरांनी ४,२०० केली. पहिल्याच फोनला हो म्हणणाऱ्यांचे सोळाशे गेले की हो. शिवाय सर्व्हिसला आलेला माणूस दरवेळी मेंब्रेन गेला म्हणून सांगतो. मेंब्रेन क्षारांनी चोंदतो, आमच्या ७८ च्या पाण्यावर तो दोन-तीन वर्षं सहज चालायला पाहिजे. आत आणि बाहेरचं पाणी दोन्ही मोजून दाखवा म्हणा, बाहेरचा आकडा चांगला खाली असेल तर मेंब्रेन ठीक आहे. मी मीटर पुढे केला तेव्हा विषय बदलला.

पाच वर्षांचा हिशोब मांडला: १८,५०० अधिक चार वर्षांच्या एएमसीचे १६,८००, झाले ३५,३००. दुकानात साधा यूव्हीवाला, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा, नऊ हजारात होता, त्याची सर्व्हिस इथला लोकल मेकॅनिक वर्षाला दीड हजारात करतो, चार वर्षं धरा, पंधरा हजार. वीस हजारांचा फरक, आणि जंतू मारायचं काम, जे आम्हाला हवं होतं, ते यूव्ही करतोच. फक्त यूव्हीला पाणी स्वच्छ दिसणारं लागतं, पावसाळ्यात गढूळ येतं तेव्हा आधी गाळायला कँडल फिल्टर हवा, नाहीतर प्रकाश आत पोचत नाही. आणि लाइट गेली की बंद, तेव्हा पातेलं आणि गॅस.

आरओ वाईट असं माझं म्हणणं नाही. माझी बहीण लातूरला, त्यांच्या बोअरचं पाणी हजाराच्या वर जातं, भांड्यांवर पांढरे थर बसतात, डाळ शिजत नाही, तिच्याकडे आरओ पाहिजेच. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, ते उकळून जात नाही, यूव्हीनेही जात नाही, तिथेही आरओच उपयोगी. पुण्यातसुद्धा वाघोली, उंड्रीकडच्या बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर आहेत, त्यांनी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजून बघावं, टँकर कुठून भरला त्यावर आकडा बदलतो.

आम्ही एएमसी घेतली नाही. यूव्ही बसवलाय, आरओ उतरवून गॅलरीत ठेवलाय. जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकला तर लोक अडीच हजाराला मागतायत, भंगारवाला आठशे म्हणाला. बोअरवाल्या एरियातल्या कुणाला पाहिजे असेल तर चार हजाराला देईन, मेंब्रेन चालू आहे, मीटर लावून बघून घ्या. तांब्याची बाटली मिळणार नाही, ती सासूबाईंनी ठेवून घेतलीय.