कात्री न लागलेली बाग: टस्कनीत आम्ही कसे फसलो

तासगावातल्या ओळखीच्या दोन घरांनी यंदा माल गेल्यावर इटलीला जायचं ठरवलंय. दोन्हीकडून मला एकच फोन आला: "तुम्ही तिकडं द्राक्षबागेत राहिलेलात ना, ती जागा कुठली? आम्हालाही तिथंच राहायचंय." त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय. आजवर मी हे नातेवाइकांनाही कळू दिलं नव्हतं. फोटो दाखवले, उंच सायप्रेस झाडांचं कौतुक ऐकून घेतलं, पैशांचं मात्र कुणाशी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आमची साडेतीन एकर द्राक्षबाग. सासरे, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं तीच करत आलेत. युरोपातली बाग एकदा डोळ्यांनी बघायची, तिकडचे लोक काडी कशी ठेवतात, ओलांडा, म्हणजे वेलीचा आडवा हात, कसा करतात ते बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. 2025 च्या मार्चमध्ये माल लवकर निघाला. खरड छाटणीला, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीला, वेळ होता. अण्णा, आई, हे आणि मी असे चौघं निघालो.

इटलीत शेतकऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून राहता येतं. त्याला अग्रितुरिझ्मो म्हणतात. दक्षिण टस्कनीत, पिएन्झा गावाच्या बाजूला, अशी शेतघरं पुष्कळ आहेत. तिथलं वाल दोर्चा हे खोरं 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कॅलेंडरवर दिसतात त्या हिरव्या टेकड्या आणि पांढरे मातीचे रस्ते तिथलेच. एका मोठ्या बुकिंग ॲपवर मला दोन खोल्यांचं दगडी घर सापडलं. निळं दार, अंगणात जुनी विहीर, मागं द्राक्षबाग, सकाळी शेतावरचा नाश्ता. चौघांना मिळून रात्रीचे 140 युरो. पाच रात्रींचे 700. मोफत रद्द करता येईल असं बुकिंग होतं, ते करून टाकलं.

दोन दिवसांत मालकाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. भाषा गोड. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं विचारली, अण्णा शेतकरी आहेत हे कळल्यावर "माझ्या बागेत मी स्वतः त्यांना फिरवीन" असं लिहिलं. मग मुद्द्यावर आला. ॲप आमच्याकडून मोठं कमिशन घेतं, तुम्ही व्हिसा येईपर्यंत बुकिंग तसंच ठेवा, व्हिसा आला की रद्द करा आणि थेट मला पैसे पाठवा, 15 टक्के कमी करतो. म्हणजे 700 चे 595.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, आपण भारतातून जाणारे लोक कुठं अडतो हे त्याला नेमकं ठाऊक होतं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. मोठ्या माणसाला 90 युरो व्हिसाचं शुल्क, ते परत मिळत नाही. विमानाची तिकिटं आधीच काढलेली. व्हिसा हातात येईपर्यंत माणूस कुठलंही बुकिंग हलवायला घाबरतो आणि व्हिसा आला की इतका सुटकेचा श्वास टाकतो की पुढच्या कागदाकडे नीट बघतच नाही. माझं तसंच झालं.

निम्मे पैसे, 300 युरो, आगाऊ. ते बँक खात्यावर पाठवायचे होते. आमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-2 भरला. तिथल्या मॅडमनी आकडे टाइप करता करता विचारलं, "वहिनी, हॉटेल इटलीत आहे ना? मग हे खातं लिथुआनियाचं कसं?" युरोपातल्या खात्याचा नंबर देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होतो. इटलीचा 'आय टी'नं, आणि तो अक्षरं-आकडे मिळून 27 चिन्हांचा असतो. हा 'एल टी'नं सुरू होत होता. शिवाय नाव हॉटेलचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, बायकोचं ऑनलाइन बँकेचं खातं आहे, परदेशी पैसे यायला सोपं पडतं. असं असूही शकतं, बरेच प्रामाणिक लोकही तशी खाती वापरतात. पण तेव्हा मला हवं ते उत्तर मिळालं होतं म्हणून मी थांबले. त्या मॅडमचा प्रश्न मी आणखी एक दिवस डोक्यात ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

30 मार्च, रविवार. रोमहून रेल्वेनं कियूझी स्टेशनला उतरलो. रविवारी त्या भागात बस जवळजवळ नसतात. मालकानं टॅक्सी पाठवली होती, 90 युरो. गाडी पिएन्झाच्या अलीकडे एका पांढऱ्या रस्त्याला वळली आणि फोटोतल्या घरासमोरून न थांबता पुढं गेली. निळं दार मी ओळखलं. विहीरही दिसली. ड्रायव्हरला म्हटलं, "हेच, हेच." त्यानं मान हलवली आणि आणखी तीनेक किलोमीटर नेऊन एका बैठ्या, सिमेंटच्या घरापाशी थांबवलं.

मालक दारात उभा. मोठ्या घराचं पाण्याचं पाइप फुटलंय, आजच सकाळी, फार वाईट वाटतं, पण हे घरही आमचंच, इथं जास्त शांतता आहे. बाहेर अंधारून आलेलं, वारा गार. आई 71 वर्षांच्या. गुडघे धरून टॅक्सीतून उतरत होत्या. टॅक्सी सामान ठेवून निघूनही गेली. शहरात असतं तर शेजारच्या हॉटेलात चौकशी केली असती. इथं शेजार म्हणजे काळोख. आमच्याकडे गाडी नव्हती, आणि हे त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं: "तुम्ही गाडी घेणार का? नको, मी आहे ना."

उरलेले 295 रोख मागितले. वर 200 युरो अनामत, तीही रोख. आम्ही दिले. पासपोर्ट त्यानं पाहिलेसुद्धा नाहीत. "तुम्ही घरच्यासारखे," म्हणाला. आईंना ते फार आवडलं. खरं तर इटलीत पाहुण्यांची नोंद 24 तासांच्या आत पोलिसांकडे ऑनलाइन कळवणं मालकाला बंधनकारक आहे. पासपोर्ट न मागणारा मालक आपल्यावर विश्वास टाकत नसतो, तो आपली नोंदच होऊ देत नसतो. हे मला दोन दिवसांनी कळलं.

घराबद्दल फार लिहीत नाही. गाद्या ओलसर, गरम पाणी एका माणसापुरतं. शेतावरचा नाश्ता म्हणून प्लास्टिकमध्ये बांधलेले टोस्ट आणि जॅमच्या चिमुकल्या डब्या टेबलावर ठेवलेल्या. आईंनी पिशवीतून भडंग काढला आणि पहिली रात्र भडंगावर गेली. रात्री थंडी इतकी की हीटर चालू ठेवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तोही पुढं आमच्यावर उलटला.

सकाळी अण्णा मागच्या बागेत गेले. मी चहा घेऊन गेले तर ते वेलीपाशी उकिडवे बसलेले. एका काडीवर वाळून काळा पडलेला जुना घड होता, तो बोटांत धरून म्हणाले, "पोरी, ह्या बागंला दोन-तीन सालं कात्री लागल्याली न्हाई. शेतकरी हितं राहत नाही." मी बघितलं. काड्या एकमेकींत गुंतलेल्या, तारा लोंबलेल्या, खोडांच्या बुडाशी गवत गुडघाभर. रस्त्यापलीकडच्या बागा हिवाळ्यात स्वच्छ छाटलेल्या होत्या आणि तिथं काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायला लागले होते. ही बाग फक्त फोटोपुरती होती. माझ्या जे लक्षात यायला महिना लागला असता ते अण्णांनी पाच मिनिटांत ओळखलं, आणि तरी ते मालकाला वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "बागेची हयगय करणारा माणसाची काय बूज ठेवणार?"

मंगळवारी ते एकटेच चालत पलीकडच्या शेतावर गेले. तासाभरानं आम्ही शोधत गेलो तर एका म्हाताऱ्या बाईंसोबत ओलांड्यापाशी उभे होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्या बोटांनी दाखवत होत्या की दोन डोळे ठेवून काडी कापते, अण्णा मान हलवून आपल्याकडचा मांडव हातांनी डोक्याच्या वर दाखवत होते. इतक्या बुटक्या वेली बघून त्यांना नवल वाटत होतं. बाईंनी आम्हाला घरात नेलं, पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं चीज आणि पाव दिला, पैसे घेतले नाहीत. सगळ्या प्रवासातला तो एक तास आईंना अजून आठवतो.

मोबाइलवरच्या अनुवादाच्या ॲपवर त्यांच्याशी बोललो. आम्ही राहतोय त्या घरात कुणी शेती करत नाही, पाहुणे मात्र सारखे बदलतात, निळ्या दाराच्या घराचा या माणसाशी संबंध असल्याचं त्यांच्या तरी ऐकिवात नव्हतं. पाइप फुटल्याचंही त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी आपल्या फाटकावरची पाटी दाखवली. त्याही पाहुणे ठेवतात, आणि पाटीवर त्यांचा सरकारी क्रमांक होता. रात्री बसून मी हे सगळं वाचून काढलं. 1 जानेवारी 2025 पासून इटलीत अल्प मुदतीनं भाड्यानं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेला 'चिन' नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. तो इमारतीबाहेर दिसला पाहिजे आणि जाहिरातीतही छापला पाहिजे. क्रमांक नसेल तर 800 ते 8,000 युरो दंड आहे. आणि अग्रितुरिझ्मो हा शब्द कुणीही वापरू शकत नाही. 2006 च्या कायद्यानं तो खऱ्या शेतकऱ्यांसाठी राखलेला आहे, शेती हा मुख्य धंदा आणि पाहुणे हा जोडधंदा असेल तरच. आमच्या घरावर पाटी नव्हती. ॲपवरच्या जाहिरातीत एक क्रमांक होता, पण तो निळ्या दाराच्या घराचा असणार, आमच्या घराचा नव्हे.

शुक्रवारी निघायच्या वेळी हिशेब आला. हीटिंगचे 165 युरो. घर पुसल्याचे 90. पर्यटन कर माणशी रात्रीला 5, म्हणजे 100. गॅसच्या शेगडीच्या काचेला तडा गेलाय म्हणून अनामतीतले 120 कापले. तडा आम्ही आलो तेव्हाच होता, पण माझ्याकडे त्याचा फोटो नव्हता. गॅसच्या मीटरचाही नव्हता. टस्कनीतल्या शेतघरांत हीटिंगचं बिल वापराप्रमाणे वेगळं घेण्याची पद्धत आहे, त्यात गैर काही नाही, पण मग आल्या दिवशी मीटरचा आकडा पाहुण्यासमोर लिहून घेतात. पर्यटन करही खरा असतो. तो नगरपालिकेचा असतो, दर तिच्या संकेतस्थळावर असतो आणि त्याची पावती मिळते. मी पावती मागितली. "संध्याकाळी ईमेल करतो," म्हणाला.

ह्यांनी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, पैसे मिळाले की टॅक्सीला फोन करतो. कियूझीहून रोमची गाडी, रोमहून रात्रीचं विमान. बस थांबा कुठं आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. पलीकडच्या बाईंकडे जाऊन टॅक्सी बोलवायला सांगता आलं असतं, हे मला रेल्वेत बसल्यावर सुचलं. त्या क्षणी अण्णांनी खिशातलं पाकीट काढलं आणि नोटा मोजून दिल्या. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

595, वर 355, आणि अनामतीतले 120. एकूण 1,070 युरो. तेव्हाच्या भावानं साधारण 1 लाख रुपये. ॲपवर 700 युरोत, कार्डानं, पावतीसह हेच झालं असतं. पावती आजतागायत आलेली नाही.

घरी आल्यावर सगळीकडे दाद मागितली. ॲपवाले म्हणाले, बुकिंग तुम्हीच रद्द केलंत, आमच्या लेखी तुम्ही तिथं राहिलाच नाहीत. बँक म्हणाली, कार्डानं भरले असते तर तक्रार नोंदवून घेतली असती, स्वतः पाठवलेली रक्कम परत मागवता येत नाही. युरोपीय ग्राहक केंद्रं आहेत, पण ती युरोपात राहणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्यांचं प्रकरण घेत नाहीत. तिथं असतानाच 117 वर, म्हणजे त्यांच्या आर्थिक पोलिसांना, फोन केला असता तर पावतीचा विषय निदान त्याच दिवशी ऐकला गेला असता. नगरपालिकेच्या पोलिसांना मी घराचे, बिनपाटीच्या भिंतीचे फोटो आणि जाहिरातीची प्रत ईमेलनं पाठवली. पोचल्याचं एका ओळीचं उत्तर आलं.

जाणाऱ्यांना मी आता एवढंच विचारते: दारात उतरल्यावर घर तेच आहे का? नसेल तर टॅक्सी सोडू नका. सामान खाली काढू नका, पैसे काढू नका, तिथूनच ॲपवाल्यांना फोन लावा. गाडीत बसलेल्या माणसाला कुणी अडवू शकत नाही. आम्ही गाडी सोडली तिथंच सगळं हरलो.

गेल्या आठवड्यात तासगावच्या त्या फोननंतर मी ॲप पुन्हा उघडलं. जाहिरातीचं नाव बदललंय. दर रात्रीला 160 युरो झालाय. निळं दार, विहीर आणि मागची बाग, फोटो तेच आहेत. मी बागेचा फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि म्हणाले, "हा फोटो लई जुना हाय. ह्यात बाग छाटल्याली दिसती."