उत्तरेकडचा वणवा मोजायचा कसा: उपग्रहावरून की फावडं घेऊन?

मेळघाटातल्या सागाच्या रानात वणवा लागला की जळतो तो पाचोळा. माती तापते, पण जागेवर राहते. अलास्का किंवा वायव्य कॅनडातल्या ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जंगलात पायाखालची जमीन हेच जळण असतं. शेवाळ, सुया आणि मुळं अर्धवट कुजून साठलेला वीस-तीस सेंटीमीटरचा सेंद्रिय थर, त्याखाली खनिज माती आणि बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ साली सुमारे २८.५ लाख हेक्टर जळलं. तिथे दर चौरस मीटरमागे सरासरी साडेतीन किलोच्या आसपास कार्बन हवेत गेला, त्यातला बहुतेक या थरातून. प्रबंधासाठी पद्धत निवडताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

उपग्रह

लँडसॅट (३० मीटर) आणि सेंटिनेल-२ (१० ते २० मीटर) यांची चित्रं फुकट मिळतात आणि पुण्यात बसून काम होतं. जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त या प्रकाशाच्या दोन पट्ट्यांतल्या परावर्तनाची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनबीआर (नॉर्मलाइज्ड बर्न रेशो). वणव्याआधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की डीएनबीआर, म्हणजे वणव्याने झालेल्या बदलाचा आकडा. उदाहरणार्थ, आधी परावर्तन ०.२५ आणि ०.१२ असेल तर एनबीआर ०.३५, नंतर ०.१० आणि ०.२० असेल तर उणे ०.३३. फरक ०.६८, नकाशावर हजाराने गुणून ६८०.

चूक बहुधा तारखांत होते. जूनच्या चित्रातून सप्टेंबरचं चित्र वजा केलं तर पानगळही वणवा म्हणून दिसते. ६५ अंश अक्षांशावर २१ जूनला दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो, तर सप्टेंबरच्या विषुवदिनी फक्त २५ अंशांवर. सावल्या लांबतात आणि उत्तरेकडचे उतार उगाच जास्त जळालेले वाटतात. त्यामुळे आधीच्या आणि पुढच्या वर्षीची, जुलैच्या एकाच आठवड्यातली चित्रं घ्यावीत. वणव्याच्या हद्दीबाहेरच्या न जळलेल्या पट्ट्याचा सरासरी डीएनबीआर काढून तो सगळीकडून वजा करावा. उत्तरेला उपग्रहांच्या वाटा एकमेकींवर येतात, त्यामुळे लँडसॅटची चित्रं सोळा दिवसांहून कमी अंतराने मिळतात. ढग आणि धूर मात्र त्यातली निम्मी सहज खातात.

खरी अडचण यापुढची. शेंडे काळे पडले, शेवाळ करपलं की आकडा वरच्या टोकाला पोचतो. त्यानंतर जमीन ५ सेंटीमीटर जळली की १५, हे उपग्रहाला जवळपास कळत नाही. अलास्कातल्या तपासण्यांत डीएनबीआर आणि थराची जळालेली खोली यांचा मेळ म्हणूनच कच्चा निघाला.

फावडं, चाकू आणि मोजपट्टी

इथे ब्लॅक स्प्रूस स्वतःच खूण ठेवतं. शेवाळ वाढत जातं तशी खोडाला वर-वर आगंतुक मुळं फुटतात आणि थर जळून गेला की ती उघडी पडतात. सर्वांत वरच्या मुळापासून उरलेल्या थरापर्यंतची उंची मोजायची. ही मुळं हिरव्या शेवाळाच्या साधारण ३ सेंटीमीटर खाली असतात, म्हणून तेवढे मिळवायचे. मुळाची उंची ९ आणि उरलेला थर ८ सेंटीमीटर असेल तर १२ जळले आणि मूळ थर २० चा होता. एका प्लॉटमध्ये, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यात, किमान दहा-बारा झाडं घ्या, कारण बुंध्याजवळ आग जास्त खोल जाते. थराची जाडी मात्र झाडांपासून लांबही मोजा.

कार्बनसाठी शेजारच्या न जळलेल्या जागेतून दातेरी पावाच्या सुरीने १० बाय १० सेंटीमीटरचे ठोकळे कापून, थराथराने वेगळे करून वाळवतात. इथे आळस महागात पडतो. नमुन्यादाखल, वरच्या ५ सेंटीमीटर शेवाळाची घनता ०.०३ आणि खालच्या ७ ची ०.०८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली, कार्बन ४० टक्के, तर चौरस मीटरला २.८ किलो येतात. सगळ्याला ०.०३ लावलं तर १.४. उत्तर थेट निम्म्यावर.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. बर्च-ॲस्पेन या पानझडी झाडांच्या रानात अशी मुळं मिळत नाहीत, तिथे न जळलेली जोडजागा शोधावी लागते. टुंड्रात, म्हणजे उत्तरेकडच्या झाडं नसलेल्या थंड प्रदेशात, कापूसगवताच्या गठ्ठ्यांची उंची कामी येते. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीकाठी सुमारे हजार चौरस किलोमीटर टुंड्रा जळल्यावर तसंच केलं गेलं. मोजणी पहिल्या, फार तर दुसऱ्या उन्हाळ्यात उरकावी. नंतर मुळं झडतात, थर दबतो. मुळं जळालेली झाडं वारा नसतानाही कोसळतात, म्हणून हेल्मेट हवंच. राखेने झाकलेले, आत अजून धुमसणारे खड्डे काठीने चाचपूनच पाऊल टाकावं. रस्त्यापासून लांबच्या वणव्यापर्यंत हेलिकॉप्टरनेच जाता येतं आणि बजेट तिथेच संपतं.

मग काय निवडावं?

किती क्षेत्र जळलं, कोणत्या आठवड्यात जळलं, चाळीस वर्षांत वणवे वाढले का, असा प्रश्न असेल तर उपग्रह पुरेसा आहे. कार्बन, पर्माफ्रॉस्ट किंवा पुढचं जंगल हा प्रश्न असेल तर नुसत्या डीएनबीआरवर निष्कर्ष काढू नयेत. थर काही सेंटीमीटरच उरला तर बर्च-ॲस्पेनचं बारीक बी खनिज मातीत रुजतं आणि स्प्रूसची जागा पानझडी झाडं घेतात. जाड उरला तर स्प्रूस परत येतो. थराचं पांघरूण गेलं की बर्फही खोलवर वितळतं, आणि ते ऑगस्टअखेर लोखंडी सळई रोवून मोजता येतं. पुढच्या शंभर वर्षांचं रान ठरवणारे हे चार-सहा सेंटीमीटर ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसत नाहीत.

एकच हंगाम हाताशी असेल तर डीएनबीआरचा नकाशा आधी तयार करा, त्याचे तीन-चार गट पाडा आणि प्रत्येक गटात ओल्या सखल व कोरड्या उतारावरच्या जागा मिळून सहा ते आठ प्लॉट टाका. ओलावा वगळून प्लॉट निवडले तर खोलीतला फरक आगीमुळे की पाण्यामुळे, हे पुढे कुठल्याच आकडेमोडीने सुटत नाही.