फॉरमॅट मारायचा, डिस्क बदलायची की लॅपटॉपच?

लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. फोल्डर उघडताना वरची हिरवी पट्टी अर्ध्यावरच अडकते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के दिसतात, पण वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच्या वर सरकत नाही. अशा वेळी दुकानात पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारू, विंडोज नव्याने टाकू." हार्ड डिस्कच मरायला टेकली असेल तर या उपायाने थोडे दिवस बरं वाटतं. मात्र फॉरमॅटमध्ये आधीचा डेटा गेलेला असतो, आणि उरलेला पुढच्या बिघाडात जातो.

म्हणून आधी रोग कुठे आहे ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या 'स्मार्ट' नोंदी दाखवतं. निळं गुड, पिवळं कॉशन, लाल बॅड एवढ्यावर थांबू नका, चार ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत, पण अजून बाद ठरवलेले नाहीत असे. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले. सी७ मात्र वेगळीच गोष्ट सांगते: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये या वाटेवर एक चपटी रिबन असते. बाकी तिन्ही ओळी शून्य आणि फक्त सी७ वाढतोय, तर डिस्क काढून नीट बसवा किंवा रिबन बदला; नवी डिस्क घ्यायची गरज बहुधा पडत नाही. हा आकडा परत शून्यावर येत नाही, वाढायचा थांबला की काम झालं.

इथे एक गोची आहे. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात. सी५ समोर शून्यांच्या रांगेनंतर १२८ लिहिलं असेल तर ते आपल्या मोजणीत २९६ होतात. फंक्शन मेनूत जाऊन ते दशमानात बदलून घेता येतं. आणि सीगेटच्या डिस्कवर ०१ च्या ओळीत अवाढव्य आकडा दिसला तर घाबरू नका, त्या कंपनीची नोंदवायची पद्धतच तशी आहे.

'गुड' दिसलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःची तपासणी करताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, एररच न आलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये त्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरलेल्या चारही नोंदी (वरच्याच चार ओळी नव्हेत) शून्यच होत्या. म्हणजे आकडा वाढला तर विश्वास ठेवा, वाढला नाही तर फारसा ठेवू नका.

चेकडिस्क की आधी कॉपी?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: आधी कॉपी. चेकडिस्क हे विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन 'आर' पर्यायासह चालवलं की ते डिस्कचा कोपरा न कोपरा वाचतं, आणि हे तासन् तास चालतं. धाप लागलेल्या माणसाला गड चढायला लावण्यातला हा प्रकार आहे. शिवाय त्याचं काम फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदवहीची, घडी नीट बसवणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं नाही. ती घडी बसवताना तुटक्या फाइलींचे तुकडे ते बाजूला टाकून देतं. डिस्क धडधाकट आहे आणि अचानक वीज गेल्याने गडबड झाली, तर चेकडिस्क योग्यच. सी५ वाढत असताना नाही.

कॉपीचेही दोन मार्ग. डिस्क अजून बऱ्यापैकी चालत असेल तर आधी कागदपत्रं, फोटो, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड असं जे पुन्हा मिळणार नाही ते हाताने एक्सटर्नल डिस्कवर घ्या. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. फोल्डर कॉपी होताना वारंवार अडकत असेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून डीडीरेस्क्यू हे डिस्कची नक्कल काढणारं साधन वापरा. त्याची खुबी अशी की ते खराब जागेवर डोकं आपटत बसत नाही. आधी चांगला भाग उचलतं, मग अडलेल्या जागांकडे परत येतं. कुठवर आलो याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच बंद केलं तरी पुढून सुरू होतं. फक्त कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे दोनदा वाचा. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क जुन्या डेटावर लिहिली जाईल.

खटक-खटक आवाज येतोय किंवा बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्क दिसत नाही, तर घरचे प्रयोग बंद करून लॅपटॉप बंद ठेवा. आत हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) आणि डेटा ठेवणारी चकती यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं, बिघडलेलं हेड प्रत्येक फेरीत चकती खरवडू शकतं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा विसरा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. हा डेटा पैशापेक्षा मोलाचा असेल तर रिकव्हरी लॅब, नसेल तर त्यावर पाणी सोडायचं. लॅब निवडताना 'डेटा नाही तर पैसे नाहीत' हे लेखी घ्या आणि डिस्क कुठे उघडणार ते विचारा. दुकानाच्या टेबलावर उघडणार असतील तर नको.

नवी डिस्क कुठली?

तशीच हार्ड डिस्क पुन्हा बसवणं मला आज कुठल्याच हिशोबात बसत नाही. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारणारी) डिस्क सलग वाचताना १०० एमबीच्या आसपास वेग देते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून लागतात, आणि तिथे हेड फिरवण्यातच वेळ जातो. साटा एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणाऱ्या पण चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो, शिवाय तिचा सलग वेग ५५० एमबीपर्यंत जातो. हा फरक आकड्यांत बघायची गरज नाही, पहिल्यांदा सुरू करताच कळतो. १ टीबी हवी आणि बजेट बसत नाही, तर २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी आत बसवा आणि मोठा साठा एक्सटर्नल हार्ड डिस्कवर ठेवा.

एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी, घ्यावी का? लॅपटॉपमध्ये एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) खाच असेल आणि ती एनव्हीएमई घेत असेल तर जरूर. पण काही मॉडेलमध्ये ही खाच फक्त साटा घेते, दिसायला मात्र सारखीच. मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल बघितल्याशिवाय खरेदी करू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर मागचं झाकण उघडून फोटो काढून न्या. ऑनलाइन कवडीमोलात मिळणाऱ्या अनोळखी नावाच्या २ टीबी एसएसडीच्या वाटेला जाऊ नका. आत छोटी चिप आणि खोटी क्षमता, हा प्रकार नवा नाही. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू या खरी क्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

एसएसडीची एक वाईट बाजूही आहे. हार्ड डिस्क बहुतेकदा कुरकुर करत मरते, एसएसडी अनेकदा न सांगता. आणि ट्रिममुळे (डिलीट केलेल्या फाइलची जागा आतून मोकळी करणाऱ्या सोयीमुळे) डिलीट झालेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास नसते. एसएसडी बसवली म्हणजे बॅकअपची कटकट संपली, असं समजणारे पुढे लॅबच्या रांगेत दिसतात.

क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) की कोरं विंडोज? डिस्कवर एकही एरर नसताना फक्त वेगासाठी बदलत असाल तर क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने क्लोन करा, सगळं जागच्या जागी मिळतं. सेक्टर खराब झालेत तर कोरं विंडोज टाका, नाहीतर तुटलेल्या सिस्टीम फाइलीही सोबत येतील. मूळचं विंडोज ॲक्टिवेट झालेलं असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलली म्हणून नवी प्रॉडक्ट की लागत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. तिच्याशिवाय जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून काही वाचता येणार नाही.

नवा लॅपटॉप कधी? रॅम ४ जीबी, तीही बोर्डवर चिकटवलेली, बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली, अशी दोन-तीन दुखणी एकत्र असतील तेव्हा. आणखी एक निकष म्हणजे विंडोज. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सोबत साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनवर बँकेची कामं करायची असतील तर एसएसडीसोबत लिनक्स मिंट टाकायची तयारी ठेवा. ती नसेल तर तेच पैसे नव्या लॅपटॉपकडे वळवा. आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर फक्त डिस्कसाठी तो मोडीत काढायचं कारण नाही.

जुनी डिस्क केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून 'एक्सटर्नल म्हणून वापरा' असं दुकानदार सुचवेल. केसिंग घ्या, पण बॅकअपसाठी नाही. राहून गेलेली एखादी फाइल उचलता यावी म्हणून. दोनेक महिने फॉरमॅट न करता ठेवा आणि मग ई-कचऱ्यात देण्याआधी चकतीतून ड्रिल मारा.